दहा बळाची नावाडीण

मंगळवार, २३ जुलै १९७४. दुपारी तीन. लाईनवर हजर: पहिल्या गटावर सावकार, दुसऱ्यावर वैद्य, तिसऱ्यावर दरोडेखोर, चौथ्यावर पैलवानाची बायको. मुख्य बोर्डावर मी. गैरहजर कोणी नाही. पाऊस भुरभुर. तारेत गुणगुण आहे, पण ऐकू येतंय.

हजेरी घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही सवय मला त्या नोकरीत लागली. आता पन्नाशी जवळ आली तरी घरात चार माणसं जेवायला बसली की मी मनातल्या मनात हजेरी घेते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. माहेर साताऱ्याचं, नोकरी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात, शेतकी विभागात टेलिफोन ऑपरेटर म्हणून. विश्रामबागेत भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सकाळच्या एसटीनं कारखान्यावर जायचे.

वर लिहिलेला सावकार खरा सावकार नव्हता, आणि दरोडेखोर तर फौजेतला साधा रिटायर हवालदार होता. सगळे कारखान्याचे गट कारकून. ऊस देणारी गावं चार गटांत वाटलेली होती. प्रत्येक गटाला एक लहान ऑफिस, ऑफिसमागे राहायला एक खोली आणि ऑफिसात भिंतीला एक हँडलचा फोन. चारही फोन आणि माझा बोर्ड एकाच तारेवर. हँडल फिरवलं की सगळीकडे घंटी वाजायची, कोणीही उचललं की सगळ्यांचं बोलणं ऐकू यायचं. शिवाय जितके फोन उचललेले तितका आवाज बारीक व्हायचा. पाचही जण एकदम लाईनवर असले की बोलणाऱ्याला घसा ताणावाच लागे.

हंगामात या तारेवर सगळा कारखाना चाले. पण उन्हाळ्यापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत गाळप बंद, फोन गप्प. पावसात तार कुठे तुटली, कुठे बाभळीची फांदी टेकली, ते आधी कळावं म्हणून शेतकी अधिकाऱ्यांनी नियम घातला: रोज दुपारी तीनला सगळ्यांनी लाईनवर यायचं आणि अर्धा तास बोलत राहायचं. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. बोलायचं काय, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. पहिले आठ दिवस पाऊस, पिकं आणि सुनांच्या तक्रारी पुरल्या. मग खेळ निघाला.

खेळ साधा होता. एक गाव मनानं उभं केलं. गावातून नदी वाहते. नदीच्या एका काठाला सावकाराचा वाडा आणि वैद्याचं घर, दुसऱ्या काठाला दरोडेखोराची गुहा आणि पैलवानाची तालीम. ज्यानं त्यानं आपलं सोंग आपण निवडलं. पहिल्या गटाचे कारकून वयानं मोठे, तोंडानं फटकळ. ते सावकार झाले. दुसऱ्या गटाचा जैन शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, "मारामारीचं मला जमायचं न्हाई, खेळातबी न्हाई," म्हणून तो वैद्य. हवालदार दरोडेखोर झाला, कारण पंधरा वर्षं सरकारी शिस्तीत काढल्यावर त्याला एकदा तरी कायदा मोडायचा होता. चौथ्या गटाचा कारकून पैलवान. हा सगळ्यांत तरुण आणि हसरा.

सुरुवातीला प्रत्येकाला दहा बळ. आठवडाभर रोज लाईनवर हजर राहिलं की एक बळ वाढायचं. दुसऱ्यावर धाड घालता यायची. धाड घातली की मी बोर्डाशेजारच्या पितळी ताटात दोघांसाठी एकेकदा सात कवड्या टाकायची. ताट फोनच्या तोंडाशी धरायचं, म्हणजे खणखणाट सगळ्यांना ऐकू जाई. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितके बळात मिळवायचे. ज्याची बेरीज जास्त तो समोरच्याचं पाच बळ नेई. बळ संपलं की तो माणूस खेळातून बाद, दिवाळीपर्यंत लाईनवर फक्त "हजर" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. वैद्य धाडी घालत नसे. हरलेल्याला औषध देऊन एक बळ परत मिळवून द्यायचा आणि बदल्यात एक आपण घ्यायचा.

असे तीन पावसाळे गेले. मार्चमध्ये पैलवान ट्रॅक्टर उलटून वारला.

त्याच्या जागी त्याच्या बायकोला तात्पुरतं घेतलं. जेमतेम बावीस वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर चांगलं, पदरात तीन वर्षांची मुलगी. ऑफिसमागच्या खोलीतच ती राहत होती. तिचे सासरे मधल्या काळात गावाहून तिथे येऊन राहिले होते आणि दिवसभर ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. धाकटा दीर मॅट्रिक झालेला, घरी बसून होता, आणि ही जागा खरं तर त्याची असं भावकीत बोललं जात होतं.

जूनमध्ये ती पहिल्यांदा तीनच्या लाईन-टेस्टला आली तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. मी पहिल्या आणि दुसऱ्या गटाला फोन खाली ठेवायला लावले, तेव्हा कुठे लांबून "हजर" असं काहीतरी आलं.

"मोठ्यानं बोला," मी म्हणाले.

"मामंजी बाहेर बसल्यात, ताई," ती कुजबुजली.

हे आमच्याकडच्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. सासऱ्यासमोर सुनेनं आवाज चढवायचा नाही, आणि या फोनवर तर आवाज चढवल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. ती पदर तोंडावर घेऊन बोलायची. पदराआडून निघालेला आवाज पाच मैलांच्या तारेत कुठल्या कुठे जिरून जायचा.

महिन्याभरानं साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "हंगाम लागला की पहाटे सहाला तोडणीचा प्रोग्राम तुमच्या लाईनवर ठरतो. प्रत्येक गट गाड्या मागतो, भांडून घेतो. हिचं मागणं बोर्डापर्यंत पोचलंच नाही तर चौथ्या गटाचा ऊस रानात वाळेल आणि शेतकरी माझ्या दारात येतील. दिवाळीपर्यंत बघतो. तोपर्यंत आवाज आला नाही तर दिराची ऑर्डर काढावी लागेल. तिला तसं सांगून ठेवा."

मी तिला तसं सांगितलं. जागा गेली की मागची खोलीही जाणार, म्हणजे मुलीला घेऊन सासरच्या घरी, दिराच्या हाताखाली. ती एवढंच म्हणाली, "बरं, ताई."

त्या महिनाभर खेळ बंद होता. पैलवानाच्या मागे कोणाला सुचत नव्हतं. आता तो पुन्हा सुरू करावा असं मीच काढलं. अर्धा तास बोलल्याशिवाय ती बोलायला शिकणार नाही, आणि नुसतं "हजर" म्हणून तर मुळीच नाही. एवढा साधा हिशेब होता. तर २३ जुलैला मी हजेरी घेतली आणि प्रश्न लाईनवर ठेवला: चौथा गट खेळात येणार, बळ किती द्यायचं?

"दहा," सावकार लगेच म्हणाले. "नव्या माणसाला दहा. इचारायचं काय त्यात?"

"दोन धाडीत बाद होतील त्या," मी म्हणाले.

"आमी काय आभाळातनं पडलो व्हय? आमी बी दहापासनंच आलो की!"

"तुम्ही आलात तेव्हा सगळेच दहा होते," मी म्हणाले. "आता तुम्ही एक्क्याऐंशी आहात."

"मग? कमावल्यात. रोज तीनला फोन धरून कान तुटला माजा."

ते खरंच होतं. त्यांच्या बळात शौर्य थोडं आणि हजेरी जास्त होती. एका अर्थानं ते नोकरीच्या वर्षांसारखंच वाढत गेलं होतं. सावकार एक्क्याऐंशी, दरोडेखोर अठ्ठ्याहत्तर, वैद्य पंच्याहत्तर. कवड्या सातच. म्हणजे हे तिघं एकमेकांना हरवू शकत होते, पण दहावाला कोणालाच नाही, कवड्या कशाही पडोत. याआधी कोणी लांब रजेवर गेलं तेव्हा दोन नवे कारकून बदलीवर येऊन गेले होते. दोघांनाही पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी लुटलं होतं. एक नंतर लोणंदला कांद्याच्या अडतीवर गेला, दुसरा "हजर" म्हणून फोन ठेवायचा आणि गेला तेव्हा त्याचा आवाज कसा होता तेही कोणाला आठवेना.

हवालदार म्हणाला, "ऐका माझं. पैलवानाचं शहात्तर होतं. ते वैनीला द्या. सरळ हिशेब. फौजेत बी मागं राहिलेल्यांस्नी देत्यात."

"पेन्शन देत्यात रं, हुद्दा देत न्हाईत," सावकार म्हणाले. "उद्या मी गेलो तर माझं एक्क्याऐंशी माझ्या पोराला द्याल व्हय? त्यो तर लाईनवर घोरंल."

"तुमी कुठं जाताय एवढ्यात," वैद्य म्हणाला. "तुमच्यासाठी माज्याकडं औषध हाय."

"तुजं औषध नको बाबा. एक देतोस आणि एक घेतोस."

हसणं झालं. मी मधला मार्ग काढला. मला मधले मार्ग काढायला आवडतं आणि तेव्हा तर फारच आवडायचं. मी म्हणाले, "चाळीस देऊ. निम्म्याच्या आसपास. कोणाचंच म्हणणं मोडत नाही."

सगळे गप्प झाले, म्हणजे पटलं असं मी धरलं. पण कागदावर चाळीस लिहिता लिहिता माझं मलाच दिसलं, की चाळीस म्हणजे फक्त आठ धाडी. दहावाला दोन धाडींत बाद होतो, चाळीसवाला आठ धाडींत. जिंकणार दोघंही नाहीत. मी तिला फक्त सहा वेळा जास्त हरायला देत होते.

तेवढ्यात तारेतून आलं, "मी बोलू का?"

सावकार म्हणाले, "कोण हाय?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी म्हणाले, "सगळे श्वास धरून बसा. चौथा गट बोलतोय."

ती म्हणाली, "शहात्तर नको मला. पैलवान बी नको. त्यास्नी कुणी हाणलेलं मला ऐकवणार न्हाई."

"चुकलं, वैनी," हवालदार म्हणाला. ज्यानं शहात्तर सुचवलं होतं त्यालाच ते जास्त लागलं असावं.

"दहाच लिवा," ती पुढं म्हणाली. "पण एक इचारायचं हाय. तुमी धाड घालाया पलीकडच्या काठाला जाता. जाता कसं?"



"म्हंजी?" सावकार म्हणाले.

"नदी हाय न्हवं मधी? मग कशानं जाता?"

तीन पावसाळे आम्ही तो खेळ खेळलो होतो. दरोडेखोरानं सावकाराचा वाडा किती वेळा लुटला त्याला गणती नव्हती. पण नदी कशी ओलांडली हे कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आम्ही सगळे कालव्यावरच्या पुलावरून सायकलीनं जाणारी माणसं. नदी आम्ही गावाला शोभा म्हणून घातली होती. हिचं माहेर कृष्णाकाठचं, नावेनं शाळेला गेलेली.

"पोहून जातो," दरोडेखोर म्हणाला.

"पावसाळ्यात? लुटीचं गठुडं घिऊन?" ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज मला फोन दाबून न धरता ऐकू आला. "दादा, तुमी फौजेत व्हता, पाण्यात न्हाई."

वैद्य मोठ्यानं हसला.

"मी नावाडीण," ती म्हणाली. "माझं बळ दहा. नाव माझी. ज्याला पलीकडं जायचं असंल त्यानं हाक मारायची."

सावकार लगेच खवळले. "आणि मी तुज्यावरच धाड घातली तर? दहा बळ तुजं. दोन फटक्यात खलास."

"घाला की, मामा," ती म्हणाली. "मग नाव कोण वल्हवंल?"

त्यावर दहा मिनिटं वाद झाला. सावकारांचं म्हणणं, नाव जिंकली की ती आपली. ती म्हणाली, नाव तुमची हुईल, पर नदी कुठं खोल, कुठं धोंडा हाय, ते तुमास्नी ठावं न्हाई. बुडलात तर मला दोष देऊ नका. हवालदारानं तिची बाजू घेतली, कारण सावकाराच्या हातात नाव गेली तर दरोडेखोर कायमचा एका काठाला अडकणार. वैद्यानंही घेतली, कारण त्याचे रोगी पलीकडच्या काठाला होते. शेवटी मी नियम वाचून दाखवला: नावाडिणीवर धाड नाही. ती कोणावर धाड घालणार नाही. पण नेलं तर तिच्या मर्जीनं नेईल, आणि दोन फेऱ्यांत एक बळ घेईल. सावकार सोडून सगळ्यांनी "मंजूर" म्हटलं. सावकार म्हणाले, "लय सोकावताय तुमी हिला," आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी लाईनवर आले.

खेळ बदलला तो असा. आधी लाईनवर दोघं भांडायचे आणि बाकीचे ऐकायचे. आता कोणालाही काही करायचं तर आधी तिला हाक मारावी लागे.

"आवं नावाडीणबाई! आवं, न्या की पलीकडं!"

"कोण हाय?"

"मी दरोडेखोर."

"किती जण?"

"मी आणि माझी माणसं. बारा."

"बारा न्हाई मावत. सहा आणा. उरलेली गुहेत ठेवा, तितं तरी राखण करतील."

सगळे फोन उचललेले असत, आवाज बारीक, वर पावसाची गुणगुण, आणि प्रत्येकाला तिचं उत्तर हवं. एकदा उत्तर पोचलं नाही की पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेला ती वैतागायची, आणि वैतागली की पदर आपोआप बाजूला जायचा. पहिल्या आठवड्यात मी दोनदा बाकीच्यांना फोन ठेवायला लावले. दुसऱ्या आठवड्यात एकदा. नंतर लावावं लागलं नाही.

सावकारांना ती मुद्दाम ताटकळत ठेवायची. "नाव पलीकडं गेलीया, मामा. बसा काठावर."

"तीन दिस झालं बसतोय मी काठावर!"

"मग शेकोटी करा."

चिडून त्यांनी पूल बांधायचं जाहीर केलं. मी नियम काढला: पुलाला चाळीस बळ, त्यातलं निदान दहा इतरांनी द्यायचं. त्यांनी आपलं पंधरा लगेच टाकलं. वैद्यानं विचारलं, "पुलावरनं दरोडेखोर कवाबी येईल, चालंल का?" सावकारांनी विचार करायला वेळ मागितला. तो विचार त्यांचा अजून चाललेला असावा. पुलाचा एक खांब नदीत उभा राहिला आणि नावाडीण रोज त्याला नाव बांधायला लागली.

सासऱ्यांचं काय, हे मी ऑगस्टच्या शेवटी ती पगाराला कारखान्यावर आली तेव्हा विचारलं. मला भीती होती, की ते एक दिवस फोन तिच्या हातातून काढून घेतील.

ती म्हणाली, "पयल्या दिवशी मामंजी उठून आत आले. म्हणले, कुनाशी वरडतीयास? मी म्हणलं, कारखान्याची टेस्ट हाय. मग बाहीर जाऊन बसले. त्यास्नी माझंच बोलणं ऐकू येतं न्हवं, पलीकडचं न्हाई. काल जेवताना इचारलं, 'त्यो सावकार गेला का शेवटी पलीकडं?' "

"मग काय सांगितलंस?"

"म्हणलं, न्हाई गेला. म्हणले, बरं झालं. बसू दे."

ती हसली. तिचं हसणं मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं. नंतर कळलं, की सासरे खुर्ची दारातून उचलून फोनजवळ आणून बसायला लागले होते, आणि मुलीला मांडीवर घेऊन तिला "आता नाव निघाली" असं सांगायचे. दिराबद्दल ते काय बोलत होते ते मला माहीत नाही, पण सप्टेंबरात तो मिरजेला एका गॅरेजवर कामाला लागला.

मी मात्र निश्चिंत नव्हते. खेळात नाव तिची होती, सगळ्यांना तिची गरज होती. प्रोग्रामच्या वेळी कोणालाच तिची गरज नसणार होती. उलट तिनं मागितलेली प्रत्येक गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी गटातून जाणार होती. मी तिला हे एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "व्हय, ताई. तितं नदी न्हाई. पर आता सगळ्यांचं आवाज वळखीचं झाल्यात. कोण कवा दम घेतो ते कळतं."

दिवाळीनंतर बॉयलर पेटला. पहिल्या पहाटे मी मुक्कामाला कारखान्यावरच होते. सहाला हँडल फिरवलं. साहेब माझ्या शेजारी उभे, हातात गाड्यांचा तक्ता. त्यांनी मला काही सांगितलं नाही, पण ते एरवी खुर्चीत बसून तक्ता मागायचे, त्या दिवशी उभे होते.

मी हजेरी घेतली. चारही गट हजर.

सावकारांनी नेहमीप्रमाणे आधी सुरुवात केली. त्यांचा गट, त्यांचे शेतकरी, त्यांच्या टोळ्या. दम न घेता त्यांनी इतक्या गाड्या मागितल्या की हवालदार मधेच ओरडला, "सगळा कारखानाच उचला की!" वैद्य काही म्हणत होता ते दोघांच्या खाली गेलं. पाच फोन उचललेले, दव पडून तार ओली, आवाज बारीक. मी बोर्डाला कान लावून होते आणि चौथ्या गटाकडून काहीच येत नव्हतं. साहेबांनी तक्त्यावर चौथ्या रकान्यात पेन्सिल टेकवली, तिथेच ठेवली.

सावकार म्हणाले, "...आणि चौथ्या गटाला दहा-बारा पुरतील, तितं ऊस कोवळा हाय."

त्यांनी दम घेतला.

"चौथा गट," ती म्हणाली. आवाज असा आला की साहेबांनी मान वर केली. "ऊस कोवळा न्हाई. माज्या गटात अडसाली हाय, दीड वर्साचा, तुरा यायला लागलाय. परवा जाऊन बगून आलीया. वीस गाड्या पायजेत, दोन टोळ्या. आठवडाभर थांबला तर वजन जाईल आणि शेतकरी मलाच इचारतील."

"अगं, पर..." सावकार सुरू झाले.

"मामा, तुमी जरा थांबा काठावर. माझं संपू द्या."

हवालदार हसला, मग वैद्य. आणि मला अजून नवल वाटतं, सावकारही हसले. ते खरंच थांबले. ती आणखी दोन वाक्यं बोलली, कुठल्या शिवारातून सुरुवात करायची आणि रस्ता कुठे खचलाय ते. मग म्हणाली, "झालं. आता या, मामा."

साहेबांनी चौथ्या रकान्यात अठरा लिहिले. दोन कमी केले, कारण कोणालाच पूर्ण द्यायचं नाही हा त्यांचा नियम होता. सावकारांचे त्यांनी नऊ कमी केले. तक्ता माझ्याकडे देताना म्हणाले, "हिची कायमची ऑर्डर टाइप करून ठेवा. सहीला आणा." मी त्याच दिवशी टाइप केली, तीन प्रतींत. एक प्रत घेऊन कारखान्याची जीप चौथ्या गटाला गेली. ड्रायव्हरनं परत आल्यावर सांगितलं, की म्हाताऱ्यानं कागद आधी उलटा धरला, मग सुलटा, आणि मग त्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

यानंतर पुढचा पावसाळा आला आणि पहिल्या गटावर बदल झाला. सावकार रिटायर झाले. त्यांच्या जागी कॉलेजातून नुकताच आलेला एक मुलगा, लाजाळू, फोन धरायचीही सवय नाही. पहिल्या दिवशी हजेरी झाली आणि मी विचारलं, "याला बळ किती द्यायचं?"

हवालदार म्हणाला, "दहा. आमी बी..."

"दादा," नावाडीण म्हणाली. तिचं बळ तोवर बत्तीस झालं होतं आणि बोलणं हवालदाराहून मोठं. "आदी त्याला इचारा तरी, त्याला काय व्हायचं हाय खेळात. आकडा मागनं लिवा."

"असं कसं? कायतरी ठरलेलं नको व्हय? परत्येक नव्या माणसापायी वाद घालायचा?"

"ठरलेलं पायजे ना, मग ताई लिवतील. ताई, तुमी नीट नियम लिवा. नव्या माणसानं यायचं कसं, आणि आल्याबरोबर त्याला काय मिळंल. नुसतं बळ न्हाई. त्याला हाक कोण मारणार, ते बी लिवा."

मी "लिहिते" म्हणाले. त्या मुलाचं आम्ही त्या दिवशी तात्पुरतं भागवलं: त्याला सावकाराच्या अर्ध्या पुलाचा राखणदार केला, वीस बळानं. तो रमला.

नियम मात्र मी लिहू शकले नाही. तीनदा बसले. पहिल्यांदा आकड्यापासून सुरुवात केली आणि आकड्यातच अडकले. दुसऱ्यांदा सोंगांची यादी केली, कोणत्या सोंगाला कोणाची गरज पडते अशी, आणि ती इतकी लांबली की खेळायला वेळच उरला नसता. तिसऱ्यांदा "नव्या माणसाला पहिल्या दिवशी प्रत्येकानं एकदा तरी हाक मारावी" एवढं एकच वाक्य झालं, पुढे काही सुचेना. मग कारखान्याला सरकारी टेलिफोन आले, प्रत्येक गटाला वेगळा नंबर मिळाला, एक तार गेली आणि खेळही गेला.

ती पुढं शेतकी विभागातच सुपरवायझर झाली. नवे कारकून तिच्याकडेच शिकायला पाठवतात. मुलगी शिकून नोकरीला लागली. चार दिवसांपूर्वी मला तिचा फोन आला. हल्ली ती फोनवर गरजेपेक्षा मोठ्यानं बोलते, मी रिसीव्हर कानापासून लांब धरते.

"ताई, सोमवारी दोन नवी पोरं येत्यात माज्याकडं. लिवला का नियम?"

"एक वाक्य झालंय," मी म्हणाले.

"तेवढं तरी पाठवा. बाकीचं कवा?"

सोमवार जवळ आहे. एक वाक्य पोस्टात टाकलं आहे; बाकीचं अजून लिहायचं आहे.